चौदावा खडा

मी काय काम करत होतो हे कळलं की माणसं आधी माझ्या हातांकडे बघतात. तोंडाने ‘अरे वा’ म्हणतात आणि डोळ्यांनी बोटं मोजतात. खुशाल मोजा, दहा आहेत. खाणीत सुरुंग उडवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि दहाच्या दहा शाबूत राहिली. त्यात माझी हुशारी किती आणि एका बहिऱ्या बाईची किती, हे एकदा लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं. आता लिहायला अडचण उरली नाही. का उरली नाही ते शेवटी येईलच.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं नाव काढलं की लोक म्हणतात, म्हणजे भरवेलीला होतात का? नाही हो. भरवेली मोठी, तिचं सगळंच मोठं. आमची खाण लहान, एका शेठची, तीही मँगनीजचीच. तिचं नाव सांगत नाही. ती बंद पडूनही जमाना झाला, खड्ड्यात पाणी भरलंय आणि तिथे आता म्हशी डुंबतात. छप्पन साली मी तिथे लागलो. त्याच वर्षी दसऱ्याला आमचे बाबा नागपूरला जाऊन आले होते आणि आल्या आल्या घरातले देव नदीत सोडून मोकळे झाले होते. खाणीत पहिला बार उडवण्याआधी कोणी नारळ फोडायचं, आमचे उस्ताद बिस्मिल्ला म्हणायचे. माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं, म्हणून मी मोजायला लागलो. किती भोकं, किती कांड्या, किती टोप्या, किती बार. मोजत राहिलं की हात थरथरत नाही, हा माझा अनुभव.

टोपी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. साहेबलोक तिला डिटोनेटर म्हणतात. करंगळीपेक्षाही बारीक, एवढीशी ॲल्युमिनियमची नळी, एक तोंड बंद, एक उघडं. बंद तोंडाकडे चिमूटभर दारू दाबून भरलेली. खोक्यात भुशात झोपवून यायच्या, पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की पेन्सिलींची टोपणं आहेत. खडक फोडणारी खरी दारू वेगळी. ती असते कांडीत, मेणबत्तीएवढ्या. पण ती कांडी महाआळशी. नुसती पेटवली तर जळत बसेल, फुटायची नाही. (करून बघू नका, मी सांगतोय ते पुरे.) तिला जोराचा आणि अचानक धक्का लागतो. तो धक्का देते टोपी. बैल कितीही दांडगा असो, पराणी टोचल्याशिवाय उठत नाही, तसं. टोपीच्या उघड्या तोंडात वात खोचायची, टोपी कांडीत, कांडी भोकात, वरून माती ठासायची. वातीचं टोक बाहेर. ते पेटवायचं, शिट्टी फुंकायची आणि आडोशाला जाऊन बसायचं. वात जळत आत जाते, टोपीला ठिणगी देते, टोपी कांडीला उठवते आणि खडक बसतो खाली.

म्हणून टोपी आणि कांडी कधी एका घरात ठेवत नाहीत. दोघींची बारूदघरं वेगळी, पेट्या वेगळ्या, वाहणारी माणसंसुद्धा वेगळी. भेट व्हायची ती थेट भोकापाशी.

हे सगळं आलं कुठून, याचं मला भारी कुतूहल. एकदा तपासणीला एक म्हातारे साहेब आले होते, त्यांना मी जेवताना धरलंच. ते म्हणाले, पूर्वी नुसती काळी बारूद होती. ती ठिणगीनेच उडायची, पण ताकद बेताची. मग परदेशात एक तेलासारखं जहाल रसायन निघालं. ते मोठं लहरी. कधी बाटली हलली म्हणून कारखाना उडायचा, तर कधी आग लावली तरी ढिम्म. ज्याच्या नावाने आज जगातली मोठमोठी बक्षिसं देतात, त्या माणसाने शोधून काढलं की याला आग नको, ठोसा हवा. एक छोटा स्फोट केला की मोठा हमखास होतो. झाली टोपी. साहेब म्हणाले, “बक्षीस दुनिया को मालूम है, टोपी किसी को मालूम नहीं.” डोंगरातले बोगदे, कालवे, धरणाचे पाये, सगळे त्या करंगळीएवढ्या नळीने उघडले. आणि तोफगोळ्यांच्या पोटातही तिचीच जातभाई बसलेली असते. त्या दिवशी मी बारूदघरात जाऊन एक टोपी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिलो. वजन काहीच नाही.

टोपीला गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. आमचं गाव लामता, तिथले एक काका विहिरीला खडक लागला म्हणून माझ्याकडे आले. नुसती एक टोपी दे म्हणाले, जसं काही पानात घालायला चुना मागतायत. परवान्याशिवाय देता येत नाही म्हटल्यावर फुरंगटले, आणि गावभर सांगत सुटले की रामाचा पोरगा साहेब झाला. दुसरा एक वैनगंगेकाठचा गडी. त्याला डोहातले मासे मारायला दोन टोप्या हव्या होत्या. मागायला हात पुढे केला तर हाताला बोटं तीनच. आधीची दोन कुठे गेली म्हणून विचारलं, तर म्हणाला, “मासे मारतानाच गेलते.” मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. उरलेली बोटं त्याला नको होती, पण मला बघवत नव्हतं.

आता चिमट्याचं सांगतो, कारण सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. वात टोपीत नुसती खोचून भागत नाही, निसटते. टोपीचं तोंड वातीभोवती चिमटून आवळावं लागतं. त्यासाठी खास पितळी चिमटा असतो. पितळी, कारण त्याची ठिणगी उडत नाही. पण जुन्या लोकांना चिमट्याचा कंटाळा. ते टोपी तोंडात धरायचे आणि दाढेने करकचून चावायचे, आपण सुपारी फोडतो तशी. जरा जबडा पुढे सरकला तर काय होईल ते लिहायला नको. आमच्या उस्तादांचे पुढचे दोन दात नव्हते. टोपीने नेले असं नवी पोरं म्हणत, आणि उस्ताद ते खोडूनही काढत नसत. सरकारी परीक्षा पास होऊन मला ब्लास्टरचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा पहिला नियम मी हाच केला, दात कोणी लावायचा नाही. ज्याला चावताना पाहीन त्याला कामावरून काढीन म्हणून सगळ्यांसमोर बजावलं. लोक हसले, पण ऐकलं.

आणि मोजणी. प्रत्येक वात आम्ही थोडी कमी-जास्त लांबीची कापायचो, म्हणजे बार एकामागून एक उडतात, एकदम नाही. एकामागून एक कशासाठी? मोजता यावेत म्हणून. चौदा वाती पेटवल्या तर चौदा बार ऐकू आले पाहिजेत. तेरा आले तर एक आत जिवंत आहे. तो दहा मिनिटांनी उठेल, नाहीतर उठणारच नाही, आणि उद्या कोणी त्याच भोकाजवळ भोकं पाडायची मशीन लावली की त्याच्या तोंडावर उठेल. म्हणून एक जरी कमी वाटला तरी अर्धा तास कोणी हलायचं नाही. त्यानंतर ब्लास्टरने एकट्याने जाऊन बघायचं.

गिरजाबाई आमची झेंडीवाली. बार उडायच्या वेळी खाणीत उतरणाऱ्या रस्त्यावर लाल झेंडी घेऊन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची. वय माझ्या आईएवढं नव्हे, पण मोठी बहीण नक्की. पूर्वी ती कुठल्या दुसऱ्या खाणीत रेजा होती, म्हणजे दगड फोडणारी, निवडणारी मजूर बाई. तिथे मागे राहिलेला एक बार उठला, त्यात तिचा नवरा गेला आणि हिचे कान गेले. मोठ्याने ओरडलं तरच थोडं ऐकू यायचं. बहिरीला दुसरं काय काम द्यायचं म्हणून झेंडी दिलेली. पण बाई अशी की रोज मला विचारायची, “आज किती, भाऊ?” मी बोटांनी दाखवायचो. तेवढे काळे खडे ती वेचून ओटीत घ्यायची. मग रस्त्याच्या कडेला उघड्या खडकावर बसायची, झेंडी शेजारच्या फटीत उभी रोवायची, डावा पंजा खडकावर पसरून टेकवायची आणि खडक थरारला की उजव्या हाताने एक खडा ओटीतून काढून खाली ठेवायची. ओटी रिकामी झाली की झेंडी खाली. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सर्टिफिकेटवाला माणूस, मला त्याची गंमत वाटायची.

माझा धाकटा भाऊ दयाराम, त्यालाही मीच खाणीत चिकटवलं होतं. भोकं पाडायची मशीन तोच चालवायचा, आणि भरलेल्या भोकावर माती ठासायचं कामही त्याच्याकडे. अंगाने पहिलवान, स्वभावाने गाय. आम्ही दोघं एका सायकलीवर जायचो, तो चालवायचा, मी मागे, माझी कामाची पिशवी हँडलला.

चीनच्या लढाईला दोन-तीन वर्षं झाली असतील. हिवाळ्याचे दिवस, दुपारच्या सुट्टीचा बार. चौदा भोकं तयार. पिशवी उघडली तर चिमटा नाही. सगळी पिशवी उलटी केली, खिसे चाचपले. बारूदघरात राहिला असेल म्हटलं, पण बारूदघर मैलभर लांब, आणि वर मॅनेजरसाहेब घड्याळ बघत उभे. माल न्यायला ट्रक लागले होते. मी आडोशाच्या मागे गेलो, इकडेतिकडे पाहिलं, आणि चौदाच्या चौदा टोप्या दातांनी आवळल्या. मी. ज्याने सगळ्यांना दम दिला होता तो. जिभेवर त्या धातूची चव आली ती आजही येते, हे लिहितानासुद्धा आली.

टोप्या कांड्यांत गेल्या, दयाने माती ठासली, मी वाती पेटवल्या आणि आडोशाला येऊन बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. एक, दोन, तीन. डोंगराकडून परत येणारा आवाज मागून आणि जाड येतो, तो मोजायचा नसतो, एवढं कानाला वळण होतं. चौदा झाले. मी ‘मोकळं’ची शिट्टी दिली.

दया मशीन खांद्यावर टाकून निघाला आणि रस्त्यावरच थांबला. झेंडी वरच होती. गिरजाबाई खडकावर बसलेली, डावा पंजा तसाच टेकलेला, उजव्या हातात एक खडा.

मी खुणेने सांगितलं की झाले, चौदा झाले. तिने मान हलवली. मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं की मी कानांनी ऐकलेत. तोवर मॅनेजरसाहेब खाली उतरून आले आणि म्हणाले, आता एका बहिऱ्या बाईच्या गिनतीवर खाण बंद ठेवायची का? चारचौघांत माझा पाणउतारा झाल्यासारखं वाटलं. मी चिडून म्हणालो, “बाई, तुमाले आयकू येत नाही, मंग कायले मधात येता?”

ती शांतपणे म्हणाली, “आयकू येत नाही म्हणूनच सांगून राह्यली, भाऊ. गोटा तेरा डावच हालला. चवदाव्यांदा हालला नाही.”

माणसं हसली. दयाही हसला आणि तिला वळसा घालून पुढे निघाला. तिने बसल्या बसल्या त्याचा घोटा धरला. पहिलवान माणूस, पण बाईचा हात झटकून टाकावा असं काही त्याला वाटेना, तो तसाच एका पायावर उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं असतं की सोड त्याला, तर तिने सोडला असता. मी तोंड उघडलं होतंच. तेवढ्यात तिच्या हातातल्या त्या खड्यावर माझी नजर गेली आणि मला माझे दात आठवले.

“अर्धा तास,” मी म्हणालो. “कोणी हलायचं नाही.”

साहेब बोलले ते बोलले, ते इथे लिहीत नाही. अर्धा तास मी घड्याळाकडे बघत काढला. मग एकटा खाली गेलो. नववं भोक जसंच्या तसं होतं. आजूबाजूचा खडक फुटून खाली आलेला आणि ते भोक आपलं मधे, मातीचं बूच तोंडाला लावून. दया रोज मशीन टेकवायचा ती जागा तिथून हातभर होती. मी तिथेच खाली बसलो आणि ते अंतर वितीने मोजलं.

अशा वेळी राहिलेल्या भोकाला हात लावायचा नसतो. त्याच्या शेजारी, सुरक्षित अंतर ठेवून दुसरं भोक पाडायचं आणि ते उडवायचं. ते भोक दयानेच पाडलं, मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. उडणार असलो तर दोघं उडू, एवढाच विचार. ते उडालं. मग ढिगाऱ्यात न फुटलेला माल शोधायचा, आणि शोधण्यात रेजांचा हात धरणारं कोणी नाही. गिरजाबाईलाच ती कांडी दिसली. तिने हात लावला नाही, उकिडवी बसून मला हाक मारली. कांडी अर्धी फाटलेली होती आणि टोपी बाहेर डोकावत होती. वात निसटून गेली होती, टोपीचं तोंड सैल. आणि त्या मऊ धातूवर दोन खळगे होते, वर एक आणि खाली एक.

बाईने टोपीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिला विचारायची गरज नव्हती. तिचा नवरा ब्लास्टरच्या हाताखालीच होता.

“सांगशील ना, भाऊ?” तिने विचारलं. बहिरी असून त्या दिवशी ती हळू बोलली.

“हौ,” मी म्हणालो.

तिने ओटीतून तो उरलेला खडा काढून माझ्या हातात दिला. “हा मोजाचा राह्यला. सांगशील तवा टाकजो.”

सापडलेली टोपी नियमाप्रमाणे नष्ट करावी लागते. संध्याकाळच्या बारात मी ती नष्ट केली. माझ्याविरुद्धचा पुरावा मीच उडवला, आणि तोही अगदी कायद्याने.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी. वात का निसटली? साहेबांनीच उत्तर काढलं की माती ठासताना जोर जास्त लागला आणि वात ओढली गेली. म्हणजे दया. मी तिथे उभा होतो. दात म्हटलं असतं तर सर्टिफिकेट त्याच दिवशी गेलं असतं, आणि घरी दोन लहान मुली. एवढं सांगायला सोपं आहे. पण खरं सांगायचं तर मला लाज जास्त वाटत होती, ज्यांना दम दिला त्यांच्यासमोर. मला वाटलं दया भांडेल. म्हणेल की मी रोज ठासतो तसंच ठासलं. मग मला बोलावंच लागलं असतं. पण दया खाली बघत म्हणाला, “हौ साहेब, मायीच चुकी झाली.”

मी चक्रावून गेलो. त्याची मशीन काढून घेतली, त्याला ढिगाऱ्यावर घातलं. महिनाभर त्याने फावडं मारलं आणि मग लामत्याला निघून गेला, वडिलांचं वावर कसायला. जाताना माझ्या पाया पडला. तो न भांडता कबूल का झाला, हे कोडं मी त्यानंतर रोज सोडवत बसलो आणि ते काही सुटलं नाही.

दुसरं कोडं मात्र आठवड्याभरात सुटलं. माझ्या कानांनी चौदा ऐकले ते खोटं नव्हतं. मग चौदावा कोणाचा? डोंगरापलीकडून छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, जायची. तिथला एक रुळांची देखभाल करणारा गडी चहाच्या टपरीवर भेटला. बोलता बोलता कळलं की रेल्वेकडेही डिटोनेटर असतात, ते त्याला पटाखा म्हणत. चपटी गोल डबी, पट्ट्यांनी रुळावर बांधायची. धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा इंजिन त्यावरून गेलं की धाडकन वाजतो आणि ड्रायव्हर सावध होतो. मला ऐकून इतकं नवल वाटलं की चहा निवला. मग सहज विचारलं, की त्या दुपारी धुकं कुठे होतं? तो म्हणाला, “अरे वो? पुराने पटाखे थे, साहब ने एक रखवाके ऊपर से डिब्बा चलवाया. बजता है कि नहीं, देखना पड़ता है ना.”

वाजला होता. माझ्या तेरा बारांच्या मधोमध वाजला, आणि मी तो आपला म्हणून मोजला. तो हवेतून आला, खडकातून आला नाही. कानाला दोन्ही सारखेच. पंजाला मात्र फरक कळला. गिरजाबाईला जाऊन हे सांगितलं, ओरडून ओरडून, हातवारे करून. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिने फक्त विचारलं, “दयाले सांगतलं?” मी नाही म्हणालो. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, पण तिची झेंडी खाली आल्याशिवाय मीही पुन्हा कधी शिट्टी दिली नाही.

सत्तरच्या पुढे विजेच्या टोप्या आल्या. तारा जोडा, लांब जा, बटण दाबा, सगळे बार मिळून एकच गडगडाट. मोजायची सोय उरली नाही. आधी तारांची तपासणी होते, नंतर जागेची, आणि ते जास्त बिनधोक आहे हे मी मान्य करतो. गिरजाबाईने पहिल्याच दिवशी पंजा उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली की हे माझ्याच्याने मोजवत नाही. दोन वर्षांनी ती वारली. खडा माझ्याकडे राहिला. मँगनीजचा, दिसतो लहान पण हाताला जड. मुली शाळेत जायच्या तेव्हा त्यांच्या कागदांवर ठेवायच्या. मुलींची लग्नं झाली, खाण बंद पडली, तरी माझ्या टेबलावर तो होताच.

या उन्हाळ्यात लामत्याला गेलो. दया आता थकलाय, गुडघे धरून बसतो. अंगणात बाजेवर बसलो आणि काही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. दात लावले मी, वात निसटली त्याने, तुझ्या ठासण्यात काही खोट नव्हती, आणि मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

दयाने गुडघ्यांवरून हात काढले. मग म्हणाला, “चिमटा कुठी होता?”

मी म्हणालो, हरवला होता, पुढे सापडलाच नाही.

तो उठला, गुडघ्यावर हात देत आत गेला. आत पत्र्याच्या पेटीचा खडखडाट झाला. बाहेर आला तो हातात एक फडकं. त्यात माझा पितळी चिमटा होता, हिरवट पडलेला.

“सायकलची चेन सुटली होती त्या दिशी,” तो म्हणाला. “तू बारूदघरात गेलता. तुया पिशवीतून मीच काढला, आन् सीटखालच्या थैलीत तसाच राह्यला. संध्याकाळी सापडला. मंग मले समजलं, दादाजवळ चिमटा नव्हता, कायनं तरी आवळलं असन. म्हणजे चुकी मायीच ना?”

“काहून बोलला नाहीस?”

“बोललो असतो त साहेबानं तुलेच विचारलं असतं, चिमटा नव्हता त आवळलं कायनं. तुयं सर्टिफिकेट गेलं असतं. मले काय, वावर होतं.”

मी म्हणालो, चिमटा नव्हता तर मी काम थांबवायचं होतं, दात लावायला तू सांगितलं नव्हतंस. तो म्हणाला, चिमटा मी नेला नसता तर तुझ्यावर ती वेळच आली नसती. मी म्हणालो, चूक माझी. तो म्हणाला, ते काही नाही, माझी. दोन म्हातारे अंगणात तावातावाने भांडत होतो, आणि चोरून डोळ्यांतलं पाणी पुसत होतो. दयाची बायको भासऱ्याशी म्हणजे थोरल्या दिराशी, माझ्याशी, थेट बोलत नाही, तिने दारातूनच नवऱ्याला सांगितलं, “त्याइले म्हणा, चहा थंडा होऊन राह्यला.”

मी खिशातून खडा काढला आणि अंगणात टाकला. लहानसा आवाज झाला. दयाने विचारलं, काय टाकलं?

“चौदावा,” मी म्हणालो, आणि चहाचा कप उचलला.